तारीख, गाव आणि नाव



२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, बाबुराव शेडमाके यांना फाशी दिलं गेलं. वय पंचवीस. मोलमपल्लीच्या या जमीनदारपुत्राने गोंड तरुणांची फौज उभी केली, राजगड घेतला, घोटच्या बाजूला इंग्रजांना हैराण केलं आणि शेवटी दग्याने पकडला गेला. ज्या पिंपळाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे तो तुरुंगाच्या आवारातला पिंपळ चंद्रपुरात आजही दाखवतात, दरवर्षी तिथं अभिवादनाला गर्दी होते. पण बाबुराव सोबत्यांशी काय बोलत होते, रात्री मुक्काम कुठं पडायचा, शिदोरी कोण पोचवायचं, हे त्यांच्या बाजूच्या कुणी लिहून ठेवलेलं आपल्या हाती नाही. उरलं ते गाण्यांत आणि इंग्रजांच्या दप्तरात. तपशील फाशी देणाऱ्यांकडे राहिले आणि माया फाशी गेलेल्याच्या माणसांकडे.

त्याच धामधुमीत कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. ते ना सैनिक, ना इतिहासकार. घरच्या कर्जाने गांजलेला एक भिक्षुक. बऱ्याच वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी कागदावर उतरवल्या आणि १९०७ साली ‘माझा प्रवास’ छापून निघालं. शहर कसं लुटलं गेलं, पाण्यावाचून माणसं कशी तडफडली, हे मराठी वाचकाला कळलं ते या एका माणसामुळे. चांद्याच्या वाट्याला गोडसे भटजी आले नाहीत.

फाशीनंतर अकरा वर्षांनी, १८६९ साली, मेजर लुसी स्मिथ या अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल लिहिला. शेतसाऱ्याचा हिशेब हे काम, पण गृहस्थाने गोंड राजांची वंशावळ, देवळं, तलाव, जातीजमाती असं बरंच काही टिपलं. आजही चंद्रपूरच्या गोंड राजघराण्यावर लिहायला बसलेला माणूस फिरून फिरून त्याच अहवालापाशी येतो. त्यातल्या राजांच्या सनावळीवर अभ्यासकांचा भरवसा नाही, तरी तीच पुस्तकापुस्तकांतून उतरत राहिली. ताडून बघायला दुसरी वही नव्हती, मग काय करणार?

आता विषयाकडे. वैयक्तिक ब्लॉगला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि रीलच्या दिवसांत काही अर्थ उरला आहे का, असा प्रश्न साहित्याच्या मेळाव्यांत अधूनमधून निघतो आणि दोन ठरलेल्या उत्तरांवर संपतो. एक गट म्हणतो ब्लॉग मेला. दुसरा म्हणतो खरं लेखन तिथंच होतं, आता सगळा उथळपणा. दोन्ही उत्तरं पुण्या-मुंबईच्या अनुभवातून आलेली आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीत बसून विचार केला की हिशेब वेगळा लागतो.

मराठीतल्या ब्लॉगची कहाणी तशी छोटी. ‘मायबोली’ १९९६ साली सुरू झाली तेव्हा संगणकावर मराठी उमटवणं हीच कसरत होती. एकाच्या फॉण्टमधलं लेखन दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोन होऊन दिसायचं. युनिकोड रुळल्यावर, साधारण २००५ नंतर, ब्लॉगचा बहर आला. स्टार माझा वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ नावाची स्पर्धा भरवली. दिवाळी अंकांनी ब्लॉगलेखक शोधायला सुरुवात केली. मग वाचणारेच हलले. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं, तोवर फेसबुकची भिंत घरोघरी पोचली होती, आणि २०१६ साली जिओ आल्यावर तर हातातल्या फोनवरच सगळा बाजार भरला. ब्लॉग लिहिणाऱ्यांपैकी बरेच तिकडे सरकले, कारण तिथं पाच मिनिटांत वीस जण ‘छान’ म्हणतात. यात रडण्यासारखं काही नाही.

शिवाय त्या बहराच्या काळात आपले दोन जिल्हे होते कुठं? ब्लॉग लिहायला संगणक लागे, वीज लागे, टंकायची सवय लागे, आणि संध्याकाळी डोकं शांत असावं लागे. भटकंती, पुस्तकं, पाककृती, परदेशातल्या नोकरीच्या गमती यांनी ते ब्लॉग भरलेले असत. काही सुंदर होते. एटापल्लीचा आश्रमशाळेतला मास्तर किंवा कोरचीची आशाताई त्या पंगतीला नव्हती. ती दोघं लिहिती झाली ती फोन आल्यावर. तेव्हा फोनवरच्या लेखनाला नाक मुरडणाऱ्यांनी आधी हे मान्य करावं.

फोनचं काम काय आहे ते इथं दरवर्षी दिसतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा रस्ता तुटतो. पूल बुडाला, एसटी परत फिरली, बाळंतीण अलीकडे अडकली आहे, ही खबर ग्रुपवर पडते तेव्हा ती कुठल्याही लेखापेक्षा मोलाची असते. लिहिता न येणाऱ्यांसाठी आवाजी निरोप हा तर वरदानच. शेजारच्या छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केलं ते हेच ओळखून: साध्या फोनवरून गोंडीत तक्रार सांगायची, ती इतरांनी ऐकायची, आणि पाठपुरावा करायचा. हातपंप दुरुस्त होण्यासाठी निबंध लिहावा लागत नाही.

अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते.

या भागातलं ठरलेलं उदाहरण घ्या. ‘सावधान, आपल्या रस्त्यावर पट्टेदार वाघ’ असा एक व्हिडिओ येतो. अंधार, गाडीच्या दिव्यांचा झोत, वाघ रस्ता ओलांडतो, मागे कुणीतरी ‘थांब थांब’ म्हणतं. दिवस कोणता, रस्ता कोणता, पाठवणारा कोण, काही नाही. तोच व्हिडिओ वर्षभराने ‘आजचा’ म्हणून फिरतो, तालुका तेवढा बदलतो. वनखात्याला खुलासा काढावा लागतो. ज्या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात खरोखर माणसं मरतात, पहाटे मोहफुलं वेचायला जावं की नाही हे घरातल्या बाईला रोज ठरवावं लागतं, तिथं खोटी खबर ही करमणूक नाही. चार वेळा फसलेलं गाव पाचव्या वेळी खऱ्या खबरेकडेही दुर्लक्ष करतं.

ताडोब्यातली माया वाघीण आठवा. तिच्याइतके फोटो काढले गेलेल्या वाघिणी देशात फार थोड्या असतील. तिचे बछडे, तिच्या मारामाऱ्या, पांढरपौनीच्या पाण्यात बसलेली ती, सगळं जगभर पोचलं. ऑगस्ट २०२३ नंतर ती दिसेनाशी झाली. नोव्हेंबरमध्ये एका वाघाचे अवशेष सापडले, आणि ते मायाचेच असल्याचं डीएनए तपासणीने सिद्ध झालं. आता कुणाला तिचं चरित्र लिहायचं असेल, कोणत्या वर्षी किती पिल्लं, त्यातली किती जगली, हद्द कुठवर होती, तर त्या हजारो फोटोंच्या ढिगाऱ्यात शिरून काय हाती लागेल? बहुतेकांखाली तारीख नाही. ‘क्वीन’ आणि चार हृदयं आहेत. उपयोगी पडतात ती वनखात्याची कॅमेरा ट्रॅपची नोंद, आणि ज्या मोजक्या गाइडांनी, हौशी निरीक्षकांनी सफारीहून परतल्यावर रात्री वहीत चार ओळी खरडल्या त्यांच्या वह्या.

मारुती चितमपल्ली आपल्याला कळले ते वहीमुळेच. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वनखात्याच्या नोकरीत आयुष्य काढलेला हा सोलापूरचा माणूस नवेगावबांधच्या तळ्याकाठी रमला, तिथल्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून पक्ष्यांची स्थानिक नावं, झाडांचे गुण, प्राण्यांच्या सवयी ऐकत गेला आणि टिपत गेला. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ ही पुस्तकं त्या टिपणांवर उभी आहेत. त्यांच्या काही निरीक्षणांवर शास्त्रज्ञ शंका घेतात, आणि घ्यावी. पण शंका घ्यायला मुळात लिहिलेलं काहीतरी लागतं. ग्रुपवरून वाहून गेलेल्या संदेशावर शंका तरी कशी घेणार?

या दोन जिल्ह्यांत लिहिलेल्या नोंदीची किंमत साहित्यापुरती नाही. ती हेक्टरमध्ये मोजता येते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. गावातल्या देवाजी तोफांची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. घोषणेमागची वही फारशी कुणाला ठाऊक नाही. ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने अभ्यासगट चालवले, चर्चा लिहून ठेवल्या, ठराव एकमताने केले आणि जपले. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. मिलिंद बोकील यांना ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहिता आली याचं एक कारण गाव स्वतःची गोष्ट आधीपासून लिहीत होतं.

वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, ती लेखकांनी जरूर वाचावी. निस्तारपत्रकासारखे सरकारी कागद त्यात आहेतच. शिवाय वडीलधाऱ्यांचं सांगणं लेखी उतरवलेलं असेल तर तेही पुरावा म्हणून धरतात. देव कुठं बसतो, मयत कुठं पुरतात, गुरं कोणत्या नाल्यापर्यंत जायची, हे ऐंशी वर्षांच्या आजाने सांगितलं आणि कुणी तारीख घालून लिहिलं, तर त्या कागदाला वजन येतं. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले. त्यांतल्या कितीतरी गावांत असं सांगणारे आजे आता उरलेले नाहीत.

आणि मेमधली तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानं जमा करायची जागा, बघा. भल्या पहाटे जंगलात गेलेलं कुटुंब दुपारी घरी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतं, संध्याकाळी फळीवर रांगेने मांडतं. मुन्शी ओळीतून चालत मोजतो, आकडा पुकारतो, रजिस्टरात नाव आणि संख्या चढते, बाईच्या कार्डावर तोच आकडा उतरतो. पूर्वी हे रजिस्टर ठेकेदाराचं असे. जिथं ग्रामसभा स्वतः व्यवहार बघते तिथं ते गावाचं झालं. भांडण लागलं तर सगळे त्या रजिस्टराकडे धाव घेतात, फोनमधल्या फोटोकडे नाही. नोंद कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न या बायांना ब्लॉगवाल्यांच्या आधीच कळलेला होता.

शोधग्रामची गोष्ट याच ओळीतली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला, ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. ज्या नोंदींवर हे उभं राहिलं त्या गावातल्या थोड्याफार शिकलेल्या आरोग्यदूत बायांनी भरल्या होत्या: बाळ कधी जन्मलं, वजन किती, दूध ओढतं का, श्वास मिनिटाला किती. पुढे २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला आणि सरकारी कागदांत बालमृत्यू किती कमी दाखवले जातात हे उघड झालं. सरकारशी वाद घालायला लागणारं बळ त्या वह्यांतून आलं. याच ठिकाणी २००६ पासून ‘निर्माण’ चळवळीत आलेली तरुण पोरं ‘सीमोल्लंघन’ या अंकात आपापल्या कामाचे अनुभव लिहीत आली आहेत. गाजावाजा नसलेलं लेखन आहे ते, पण कोण, कुठं, कधी हे त्यात असतं.

नाव घालून लिहिणं सगळीकडे सारखं सोपं नसतं, हे गडचिरोलीत वेगळं सांगायला नको. बंदुका दोन्ही बाजूंना असताना आतल्या गावातला माणूस काय लिहिणार? पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात जानेवारी २००९ मध्ये अकरा वर्षांच्या मलाला युसुफझाईने ‘गुल मकई’ या टोपणनावाने बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहिली. शाळा बंद होणार, गणवेश घालू नका असं सांगितलं, आज वर्गात थोड्याच मुली होत्या, एवढ्याच साध्या नोंदी. जगाला स्वात समजलं ते त्यातून. आपल्याकडे त्याच वर्षांत आश्रमशाळांत शिकलेल्या माडिया मुलींनी मनात काय काय लिहिलं असेल, ते वहीत आलं असतं तर विलास मनोहरांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीशेजारी ठेवायला आतून लिहिलेलं एक पुस्तक मिळालं असतं. आता त्या तिशीच्या आसपास आहेत. कुणी नर्स झाली, कुणी शिक्षिका. टोपणनावाने लिहावं, तारीख आणि ऋतू खरा असला की पुष्कळ झालं.

झाडीपट्टी रंगभूमीची गोष्ट वेगळीच. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, धान घरात आलं की रात्र-रात्र नाटकं चालतात, परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. जाहिरात, तारखा, बुकिंग हे सगळं आता फोनवर फिरतं आणि ते बरंच आहे. परंतु संहितांचं काय? छापल्या गेलेल्या थोड्या. बाकीच्या हस्तलिखितांत, कंपनीच्या पेटीत, नटांच्या पाठांतरात. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडी बोलीचा शब्दकोश केला, बोलीची संमेलनं भरवली, म्हणून तिला मान आला. रंगभूमीला अजून तसा कुणी भेटायचा आहे. एखाद्या प्रॉम्प्टरने हंगामभर रोज एक परिच्छेद लिहिला, आज कोणतं गाव, तिकीट किती, कुठल्या प्रवेशाला लोक रडले, कुठल्या विनोदाला हसलेच नाहीत, तर नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दोन पिढ्या पुरेल.

हे सगळं ब्लॉगवरच लिहा असा हट्ट मुळीच नाही, कारण ब्लॉगही अमर नसतो. जिओसिटीज २००९ साली बंद झालं, ऑर्कुट २०१४ साली, टिकटॉकवर भारतात २०२० साली बंदी आली. त्या त्या वेळी लोकांची तिथली बरीचशी साठवण गेली. झाडीपट्टीतल्या कलावंतांचे कितीतरी टिकटॉक व्हिडिओ त्यात असणार. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली दाखवलं की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांत नाहीशी झाली होती. याउलट राजुऱ्याच्या पलीकडे, आदिलाबादच्या गुंजाळा गावात गोंडी लिपीतली हस्तलिखितं लोकांनी घरात जपली, आणि त्यांच्यावरून ती लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये दाखल झाली. कागदाला वाळवी लागते खरी, पण वाळवी एका रात्रीत कंपनी बंद करत नाही.

मग ब्लॉगला काय राहिलं? त्याची मांडणी. फेसबुकवर तुमच्या लेखनाखाली कुणाचं तरी लग्न आणि वर शेवग्याच्या पावडरची जाहिरात असते. तीन वर्षांपूर्वी तुम्ही इरईच्या पुराबद्दल काय लिहिलं होतं ते तुम्हालाच सापडत नाही. ब्लॉगवर तारखेनुसार ओळ लागते, पत्ता तोच राहतो, अनोळखी विद्यार्थ्याला शोधून सापडतं, आणि लिहिणाऱ्याला स्वतःचीच मागची चूक दिसते. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात जयदीप हर्डीकर यांचे चंद्रपूरच्या वाघ-माणूस संघर्षावरचे लेख आजही मराठीत वाचता येतात, ते अशाच मांडणीमुळे. खबर ग्रुपवर जाऊ दे. रात्री तीच खबर तीन ओळींत आपल्या पानावर उतरवायची. पन्नास वाचक मिळाले तरी चालतील, पाच मिळाले तरी. लुसी स्मिथला किती ‘लाइक’ होते?

चंद्रपुरात १९७९ साली वामन कृष्ण चोरघडे यांच्या आणि २०१२ साली वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलनं झाली. मोठे मंडप झाले, ठराव झाले. या छोट्या मेळाव्याला तसलं काही झेपणार नाही, म्हणून तो भरवणाऱ्या मंडळापुढे एक माफक सूचना आहे, आणि कार्यकारिणीने ती दुपारच्या बैठकीत चर्चेला घ्यावी. दोन्ही जिल्ह्यांतल्या लिहित्या माणसांसाठी मंडळाने एक सामाईक संकेतस्थळ घ्यावं, त्याचं वार्षिक भाडं सभासद वर्गणीतून भरावं, कुणा एकाच्या खिशातून नको. तो माणूस नोकरीनिमित्त नागपूरला गेला की पान बंद पडतं. प्रत्येकाचा कोपरा स्वतंत्र ठेवावा, संपादकाने शुद्धलेखनाची कात्री चालवू नये, झाडी बोली, गोंडी, माडिया जशी येईल तशी राहू द्यावी. वर्षाअखेरीस सगळं छापून एकेक प्रत चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली आणि अहेरीच्या वाचनालयात द्यावी. ज्यांना टंकता येत नाही त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून उतरवायला महाविद्यालयातली मुलं तयार आहेत का, हे प्राध्यापक मंडळींनी आजच विचारावं. नाव नोंदवायचं रजिस्टर मंडपाच्या दाराशी ठेवलं आहे; नाव, गाव, आणि पहिली नोंद कशाबद्दल लिहिणार, एवढे तीनच रकाने आहेत त्यात.